शिंगाड्याच्या पानावरची अंडी

जानकीपुरमच्या आमच्या घरामागे एक ताल होता, उथळसं तळं. इथल्या लोकांच्या लेखी ते डबकंच; आमच्या लेखी विसर्जनाची जागा. बँकेच्या बदल्यांनी लखनौत येऊन पडलेली आम्ही चार-पाच मराठी घरं दर भाद्रपदात वाजतगाजत तिथे उतरायचो.

एका वर्षी गणपतीच्या तोंडावर बायकोला गच्चीवरून शिंगाड्याच्या पानांवर कमळपक्षी बसलेला दिसला. लांब शेपटीचा नर, पोटाखाली अंडी. मादी अंडी घालून निघून जाते, उबवतो बापच, हे तिने मला ज्या नजरेने सांगितलं ती थेट आमच्या मुलींच्या बाळपणापर्यंत पोचत होती. घरटं म्हणजे ओल्या काड्यांचा नुसता पसारा. माणसं पाण्यात उतरली की बुडालंच.

ती हट्टालाच पेटली. यंदा शाडूची मूर्ती घरीच बादलीत विसर्जित करायची, हे तिने घरोघरी जाऊन सगळ्यांच्या गळी उतरवलं. मी कुरकुरलो, बादलीतला देव माझ्या पचनी पडेना. पण पिल्लं निघाली, पानांवरून तुरुतुरु पळू लागली, आणि मीही गपगुमान सकाळचा चहा गच्चीवर न्यायला लागलो. बादलीची प्रथाच पडली.

गेल्या उन्हाळ्यात तालात राडारोड्याचे डंपर रिकामे व्हायला लागले. बायको तरातरा खाली गेली, मागून मी. जमिनीचा मालक ओळखीचा. त्याने अदबीने आमचं सगळं ऐकून घेतलं.

"भाभीजी, आप लोगों की मूर्ति इसमें जाती थी, तो हाथ लगाने की हिम्मत नहीं हुई," तो म्हणाला. "अब तो आप लोगों ने ख़ुद ही छोड़ दिया."

तिच्याकडे मला बघवेना. कितीतरी दिवस ती गच्चीवर गेली नाही. पावसात कोपऱ्यात उरलेल्या पाण्यावर थोडी पानं पसरली, एक कमळपक्षीही येऊन गेला, तेव्हा ती म्हणाली, "यंदा गणपती तिथेच न्यायचे."

सगळी घरं निघाली. ढोलकी होती, झांजा होत्या. बायको स्वतः मूर्ती घेऊन चिखलात उतरली, आणि मालकाकडे बघतच तिने ती पाण्यात सोडली. मालकाने चपला काढून हात जोडले, प्रसादही मागून घेतला. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डंपर त्याच कोपऱ्याशी उभा होता. खाली आमची मूर्ती अजून पुरती विरघळलीसुद्धा नव्हती.