साहेबांनी डिझेलमधला गंधक काढला

एवढे किस्से येतात कुठून, असं तुम्ही विचारता. अहो, बढाईखोर साहेबाच्या हाताखाली तीन वर्षं काढून बघा! किस्से गोळा करावे लागत नाहीत, पंपाखाली तेल साचतं तसे आपोआप साचतात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ट्रक-बसच्या धुरावरून ओरड सुरू झाली होती. डिझेलमधला गंधक जो काढेल त्याची चांदी, अशी हवा होती. आमचे साहेब पुण्याहून बेंगळुरात आले, इंदिरानगरात ऑफिस आणि लॅब थाटली आणि के. आर. पुरमच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक पंप बसवला. पंपाजवळ मला बसवलं. मी बेळगावचा, पंप कोइमतूरचा. दोघंही गरम व्हायचो.

युक्ती अशी, की डिझेल आणि रसायन घातलेलं पाणी बारीक भोकातून जोरात दाबायचं. आत बुडबुडे होतात, फुटतात, आणि त्या दणक्याने गंधक तेल सोडून पाण्यात उतरतो. याला म्हणायचं कॅव्हिटेशन. शास्त्र खरं आहे बरं का! पण त्याला मेहनत लागते, आणि साहेबांना फक्त व्हिजिटिंग कार्ड लागायचं.

लॅबमध्ये गंधक मोजायला अक्का होत्या. बेंगळुरातलं पिढ्यान् पिढ्यांचं मराठी घर, बोलण्यात कानडी मिसळलेलं. घरात मिळवत्या त्या एकट्याच. त्यांचं एक रजिस्टर होतं. कुठला नमुना, पंप किती तास चालला, गंधक किती भरला. सगळे रकाने भरल्याशिवाय बाई सही करायच्या नाहीत.

*

पहिल्या दिवशी भोकातून डिझेल दुधासारखं पांढरं बाहेर आलं. साहेबांनी टाळ्याच पिटल्या. "बघा, गंधक बाहेर पडतोय!"

अक्का म्हणाल्या, "सार, तेल-पाणी घुसळलंय नुसतं. स्वल्प थांबा."

तासाभराने वर डिझेल, खाली पाणी. अक्कांनी मोजलं, गंधक होता तेवढाच. साहेब भडकले. "मला डिटेल्स नकोत, रिझल्ट सांगा!"

हे त्यांचं पालुपद. रिझल्ट वाईट आला की तो डिटेल व्हायचा!

*

एकदा त्यांनी बाटली उघडून नाकाला लावली आणि ओरडले, "वास गेला! गंधक साफ!" ऑफिसभर पेढे वाटले.

अक्कांनी पेढा घेतला. म्हणाल्या, "सार, तुम्हाला तीन दिवस सर्दी आहे."

*

मग साहेबांना गाडीचं वेड लागलं. आमचं डिझेल स्वतःच्या गाडीत भरून निघाले. मी शेजारी. मी बजावलं होतं, "पाणी पूर्ण उतरलेलं नाही." पण ते डिटेल!

के. आर. पुरम स्टेशनच्या अलीकडेच गाडीने तीन आचके दिले आणि बसली. एक रिक्षावाला उतरला, फिल्टर सोडवून हातावर थेंब घेतला आणि म्हणाला, "नीरु इदे सार." पाणी आहे! लॅब नाही, यंत्र नाही, दोन मिनिटांत निदान.

साहेबांनी टाय सरळ केला आणि मला समजावलं, "गाडीला गंधकाची सवय झालीय. एकदम तोडला की असं होणारच!"

असल्या माणसाचा पगार घेतला, याची मला अजून लाज वाटते.

*

शेवटी एका मोठ्या तेल कंपनीचे पाहुणे यायचे ठरले. आदल्या आठवड्यात साहेबांनी अक्कांना बोलावलं. "त्या दिवशी रिपोर्टवर तुमची सही पाहिजे. नसेल तर एक तारखेपासून दुसरीकडे बघा." नंतर अक्का मला जिन्यात म्हणाल्या, "अण्णा, या वयात मला कोण घेणार?" मला इतका संताप आला, की पाना घेऊन वर जावंसं वाटलं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सकाळीच शेडजवळचा ट्रान्सफॉर्मर उडाला. साहेबांना फोन केला. "साहेब, पंप..." एवढंच बोललो. "डिटेल्स नकोत!" फोन आपटला. मग अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सरी." म्हणजे, बरं.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये हजर. टेबलावर एक बाटली, 'कालचा नमुना, के. आर. पुरम'. लेबल साहेबांच्या अक्षरात. तीन वर्षांत त्यांनी एकाही बाटलीवर स्वतः लेबल लावलं नव्हतं!

पाहुण्यांसमोर अक्कांनी मोजलं. पुन्हा मोजलं. गंधक जवळजवळ नाहीच. पाहुणे खुर्चीत पुढे सरकले. साहेबांची छाती फुगली. "अक्का, सही!"

अक्कांनी रजिस्टर ओढलं, एकेक रकाना सावकाश भरला, खाली झोकदार सही केली आणि रजिस्टर साहेबांना न देता पाहुण्यांपुढे ठेवलं.

मोठ्या पाहुण्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "पंप चालला, शून्य तास. कालपासून करंट नाही."

मग चष्मा काढून त्यांनी साहेबांना विचारलं, "पंप बंद ठेवून एवढा गंधक जातो, तर चालू कशाला करता?"

साहेब अक्कांकडे बघायला लागले. अक्कांनी पेनाला टोपण लावलं.

"सही पाहिजे होती ना, सार? केली."