पणजीच्या लुगड्याचे काठ

काठ लाल आहेत! काल दुपारी अकोल्यात फ्रेमवाल्या फारुखभाईंनी ते दाखवलं, आणि माझ्या थोरल्या बहिणीने भिंग डोळ्याला लावून कबूल केलं. अमरावतीला परतलो तरी अजून पाय जमिनीवर नाहीत...

माझी पुतणी मृणाल हिचं लग्न ठरलंय. तिला आई नाही, या ताईनेच, म्हणजे तिच्या आत्याने, तिला वाढवलं. मृणालचा हट्ट एकच होता... तिच्या पणजीच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, चित्रात आहे तसंच लुगडं नेसून बोहल्यावर चढायचं.

ते चित्र वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाचं. पणजोबांच्या मित्राने, तहसिलीतल्या एका कारकुनाने, जलरंगात काढलेलं. हिरवं लुगडं, कपाळावर ओढलेला पदर, शेजारी पितळी घागर... आणि लुगड्याला पांढरे काठ. पणजी लवकर गेली, त्यामुळे तिला पाहिलेलं आमच्यात कोणीच नाही.

ताई ठाम होती. "पांढऱ्या काठाचं लुगडं नवरीले? काहून, दुसरं नाही भेटलं तुले? तेच नेसायचं असंल त मी मांडवात येत नाही." मृणालही तिचीच पोर, ती मागे हटेना. आठ दिवस दोघी एकमेकींशी माझ्यामार्फत बोलत होत्या.

चित्राची काच तडकली होती म्हणून काल आम्ही तिघं ते घेऊन फारुखभाईंकडे गेलो. हे पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, हात अजून ब्रशचा आहे. ताईने काठांचं गाऱ्हाणं त्यांच्याही कानावर घातलंच.

ते हसले. "आत्याबाई, हा रंग नाही. वॉटर कलरमंदी सफेद लावत नाहीत, कागद सोडतेत. जिथं ऊन चमकते, तिथं कोरा."

ताईला पटेना. "मले काय शिकवून राहिले भाऊ? डोये हायेत मले."

"मंग ही घागर पहा. तिच्या पोटावरबी पांढरा पट्टा हाय. पितळी घागरीले काय चुना पोतला होता?"

मृणाल फिसकन हसली. मग फारुखभाईंनी काच काढली, भिंग दिलं आणि निऱ्यांच्या आत, सावलीत बोट दाखवलं. तिथे ऊन पोचत नव्हतं, म्हणून तिथे चित्रकाराने कागद सोडला नव्हता. धाग्याएवढी रेघ... पण लालभडक!

ताई बराच वेळ वाकून पाहत राहिली. मग म्हणाली, "बाई उनात उभी होती... अन् मी तिले पांढऱ्या काठाची समजून राहिली."

चाळीस वर्षं बातम्या लिहिल्या. कोरी जागा दिसली की ती भरायची, एवढंच शिकलो होतो. त्या कारकुनाने रेशमाची चमक दाखवायला जागा रिकामी सोडली, आणि आम्ही तिच्यात अपशकुन भरला.

हिरवं, लाल काठांचं नऊवारी दुकानदार शनिवारी देतोय. रविवारी नेसून पाहायचं आहे. मृणालने यूट्यूबवरून शिकते म्हटलं, तर ताईने आज सकाळीच मला वगळून थेट तिलाच फोन केला... "यूट्यूबले राहू दे तिकडं. पहिली निरी मीच घालीन."