खळ्यावरचं जहाज

नवऱ्याने जहाज काढलं ते घरमालकिणीच्या खळ्यात, चुन्याने. अख्खं जहाज नव्हे, नुसतं पुढचं टोक, म्हणजे नाळ. तेवढ्यानेच खळं भरलं.

ताम्हिणी घाट उतरून गेलं की खाडीवर जहाजं बांधणारी एक कंपनी होती. तिथे तो आखणीचं काम करायचा. जहाजाचा आकार आधी जमिनीवर खऱ्या मापात आखायचा, त्यावरून लाकडी साचे करायचे आणि साच्यांवरून पोलादी पत्रे वाकवायचे, अशी तिथली रीत. पुढे कंपनीची कामं आटली. शेवटचं जहाज नाळेवाचून अर्धवट उभं राहिलं. मला हिंजवडीत नोकरी लागली म्हणून आम्ही मुळशीत, एका शेतकरी मावशींकडे भाड्याने राहायला आलो.

दसरा झाल्यावर गावातल्या दुकानाच्या फोनवर निरोप आला, कंपनी घ्यायला नवा मालक येतोय, अर्धं जहाज पुरं होणार. माझ्या नवऱ्याचा चेहराच बदलला. तोवर हात बसवावा म्हणून त्याने मावशींचं नुकतं सारवलेलं खळं मागितलं. भात कापायला अवकाश होता.

"घ्या की. रिकामंच हाय," त्या म्हणाल्या.

लवचीक पट्टी दगडांनी दाबून तो रेघ ओढायचा, मागे सरून बघायचा, पुसायचा, पुन्हा ओढायचा. संसारात एवढा चोखंदळपणा त्याने कधी दाखवला नव्हता! नाळ पुरी झाली तशी मावशींनी टोकावर हळदकुंकू वाहिलं. "पूजा केल्याबिगर पान्यात कसं जायाचं?"

सकाळी धरणावरचं धुकं खळ्यात उतरे. जमीन दिसेनाशी होई आणि वाटे, आपण धक्क्यावर उभ्या आहोत, आता भोंगा होईल. संध्याकाळी हिंजवडीच्या गर्दीत माझ्या ऑफिसच्या गाडीत डुलक्या खाताना मी खाडीकाठचं आमचं जुनं घर मांडत असे. खिडकीत ओल्या रंगाचा वास, दोरीवर त्याचा निळा डगला. मनातल्या मनात माझं सामान कधीच बांधून झालं होतं.

भात कापून झालं. पेंढ्या बांधाला रचून राहिल्या. शेजाऱ्यांची झोडणी उरकली, आभाळ भरून येऊ लागलं.

"मावशी, पुसतो आता," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या. भात कुटं पळून चाललंय? तुमचं जहाज जाऊ द्या आदी."

मग बोलावणं आलं आणि तो एसटीने घाट उतरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतला. मी दारातच होते. माझ्याकडे न बघता तो ओट्यावर बसलेल्या मावशींपाशी गेला.

"मावशी, उद्या भात झोडा."

काय झालं ते मी विचारलं. नव्या मालकाला कंपनी नकोच होती, खाडीकाठची जागा हवी होती. अर्धं जहाज भंगारात जाणार होतं.

सकाळी त्याने शेणाची बादली स्वतःच उचलली. मावशी एका बाजूने सारवत होत्या, तो दुसऱ्या बाजूने. चुना शेणात मिसळत गेला. त्याचा हात मात्र काही केल्या सरळ फिरेना, दर वेळी नाळेच्याच वळणाने जाई. मला रडू आवरेना. त्याने थांबून मावशींकडे पाहिलं.

"वाकडं होतंय," तो म्हणाला.

"असू द्या तसंच," त्या म्हणाल्या. "भाताला चालतंय."