पाठीमागचा समुद्र

सासऱ्यांना समुद्र दाखवायला म्हणून मी अगुंब्याच्या कड्यावर नेलं आणि समुद्राकडे पाठ करून बसवलं.

हसा, हसा! पण त्याआधी एक सांगून ठेवतो — भूतखेत, दृष्टान्त, अंगात येणं, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. म्हैसूरच्या कचेरीत बारा वर्षं फायली लावणारा माणूस मी. त्या हरवतातही, पण माझ्याच हातून. त्यासाठी कधी पिशाच्चाची गरज पडली नाही. तरीही त्या संध्याकाळी जे झालं ते...

माझे सासरे — आम्ही त्यांना मामासाहेब म्हणतो — महाराजांच्या घोडदळात होते. युद्धाच्या वेळी तुकडी समुद्रापार निघाली, आणि नेमके हे तापाने फणफणून अंथरुणात! सोबती समुद्र बघून आले, काही आलेच नाहीत. आलेल्यांच्या गप्पा लष्कर मोहल्ल्यातल्या ओट्यांवर ऐकत मामासाहेबांनी पुढची वर्षं काढली. आता मोतीबिंदूने उजवा डोळा पुरता गेलेला, डाव्यात थोडासा उजेड. “हाही डोळा जायच्या आत एकदा समुद्र बघायचा,” एवढंच त्यांचं मागणं. मंगळूरपर्यंत घाट उतरून जाणं त्यांना झेपणारं नव्हतं.

“त्यात काय!” मी छाती फुगवून म्हणालो. “अगुंब्याच्या कड्यावरून लख्ख दिसतो. मी नेतो!”

मी स्वतः अगुंब्याला कधी गेलो नव्हतो, हे सांगायचं राहून गेलं.

दसरा आटोपला आणि आम्ही निघालो. शिमोग्यापर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी. काय तो सह्याद्री! वळणावळणाला झरे, झाडांवर शेवाळाच्या दाढ्या, आणि पायाखाली जळवा. मामासाहेब लष्करी चालीने काठी टेकत पुढे. त्यांना एकही चावली नाही. माझ्या पायांवर मात्र साऱ्या जळवांनी पंगत मांडली.

दुपारी कलत्या उन्हात कड्यावर पोचलो. भूक लागली होती, म्हणून शिदोरी सोडली — दहीबुत्ती आणि लिंबाचं लोणचं. आमच्या घरात वडीलधाऱ्यांना पूर्वेकडे तोंड करून बसवल्याशिवाय वाढत नाहीत. मीही घोंगडी अंथरून मामासाहेबांना रीतसर पूर्वेला तोंड करून बसवलं. आणि दहीभात खाऊन अशी सुस्ती आली, की त्यांना परत वळवायचं विसरलो.

तेवढ्यात धुकं आलं. असं आलं, की मला माझेच जोडे दिसेनात. आम्ही थांबलो... तास गेला, धुकं हलेना.

“दिसेल ना हो, जावईबापू?” मामासाहेबांनी हळूच विचारलं. हा माणूस एके काळी पिसाळलेल्या घोड्यावर मांड ठोकायचा, आणि आज आवाज असा... माझ्याने राहवेना.

“दिसतोय की!” मी ठोकून दिलं. “ते बघा समोर, निळंशार पाणी! लाटा फुटतायत... आवाज येतोय ना?”

समुद्र तिथून कित्येक कोस लांब. आणि मी ज्याच्याकडे बोट दाखवत होतो, तो फणस होता, हे धुकं गेल्यावर कळलं.

मामासाहेब बसल्या बसल्याच हळूहळू घोंगडीवर फिरले, पार पाठमोरे झाले.

“तीन होड्या आहेत,” ते म्हणाले.

“अं?”

“सुम्ने, गप्प बसा हो! बघू द्या. मधलीचं शीड फाटलंय. त्याला तांबडं लुगडं शिवलंय... अय्यो, किती दमलेत बिचारे!”

मी त्या बाजूला पाहिलं. नुसतं पांढरं. यांना पुन्हा ताप भरला, असं वाटून मी त्यांच्या कपाळाला हात लावला, तर कपाळ थंडगार.

“पोचले!” ते एकदम म्हणाले, आणि फेट्याच्या टोकाने डोळे टिपले.

थोड्या वेळाने धुकं फाटलं. सूर्य मावळत होता — माझ्या पाठीमागे! म्हणजे मामासाहेब ज्या बाजूला बघत होते, तिथे. क्षितिजावर सोन्याची एक बारीक रेघ चमकत होती. तोच समुद्र. चांगल्या डोळ्यांनाही तिथून जहाज दिसलं नसतं, होडीचं तर सोडाच.

“आता काही दिसत नाही,” मामासाहेब समाधानाने म्हणाले. “चला.”

उतरताना गाडीचा आस मोडला, म्हणून गावातल्या एका सुपारीवाल्याच्या घरी मुक्काम पडला. तिसऱ्या दिवशी किनाऱ्याकडची एक बाई सुकी मासळी घेऊन घाट चढून आली आणि पडवीत टेकून घरधनिणीला कानडीत सांगू लागली. त्यांच्या गावच्या तीन होड्या वादळात भरकटल्या होत्या; साऱ्यांनी आशा सोडली होती. परवा संध्याकाळी तिन्ही परत आल्या.

“मधलीचं शीड फाटलेलं,” ती हसत म्हणाली. “पोराने बायकोसाठी नवंकोरं तांबडं लुगडं घेतलेलं, तेच शिवलं त्याला! आता बायको म्हणते, नवरा आला ते बरं झालं, पण माझं लुगडं कुठाय?”

सगळे हसले. माझ्या हातातली कॉफी धोतरावर सांडली.

मी खूप चौकशी केली. त्या बाईच्या आधी किनाऱ्यावरून कुणी वर आलं नव्हतं. आणि आलं असतं, तरी मामासाहेबांनी हे सांगितलं त्या घटकेला तर होड्या नुकत्याच किनाऱ्याला लागत होत्या! शाळेत शिकलेलं सगळं सायन्स उलथंपालथं करून पाहिलं.

परतीच्या गाडीत मला राहवलं नाही. “मामासाहेब, मी खोटं बोललो. मला काही दिसत नव्हतं. वर तुम्हाला उलटं बसवलं होतं.”

“ठाऊक आहे. वारा पाठीवर लागत होता.”

“मग तुम्हाला दिसलं कसं? त्या धुक्यात... आणि ह्या डोळ्यांनी?”

“कसं ते देव जाणे,” मामासाहेब म्हणाले. “पण माझ्या डोळ्यांवर भरवसा नकोच. दोन्ही धडधाकट होते, तेव्हा मी तुम्हाला जावई म्हणून पसंत केलं.”