साचलेला हिरवा

बायको ओहायोतल्या डब्लिनला वेगळी राहायला गेली त्याला हा दुसरा हिवाळा. तिचं उरलेलं सामान न्यायला मुलगी शनिवारी गाडी घेऊन शिकागोजवळ नेपरव्हिलला माझ्याकडे येणार होती. फोनवर म्हणाली, "बाबा, बाकी काही राहिलं तरी चालेल. ती ग्रीन फुलदाणी मात्र नीट पॅक कर."

नेमकी तीच मला द्यायची नव्हती. "ही राहू दे माझ्याकडे," हे वाक्य मी आठवडाभर घोकत होतो.

फुलदाणी जपानी. बायकोने शेजारच्या एका आजींकडून घेतली आणि बुद्धमूर्तीजवळ ठेवली. एका बुद्धपौर्णिमेला घरी मंडळी यायला लागली होती, म्हणून मी पितांबरी आणि जुना टूथब्रश घेऊन फुलदाणीवरच्या नक्षीच्या खाचा घासायला बसलो.

"अरे, ती घाण नाहीये," बायको म्हणाली. "रंग साचलाय तिथे."

"साचते ती घाणच!" मी म्हणालो. आलेले सगळे हसले. ती हसली नाही. माझ्या हातातून ब्रश काढून घेतला आणि पोहे ढवळायला गेली.

शनिवारी सकाळी फुलं काढून, धुऊन, पुसायला म्हणून फुलदाणी खिडकीशी नेली. बाहेर बर्फ होता, त्याचा उजेड तिच्यावर पडला आणि मला प्रथमच ती नीट दिसली. पानं माती ओलसर असतानाच कोरलेली असणार. प्रत्येक रेघ तिरप्या पात्याची: एक कड सरळ खोल, दुसरी हळूहळू वर येणारी. खोल कडेला वरची काचेसारखी हिरवी झिलई दाट साचून जवळजवळ काळी झाली होती, चढावर विरळ होत होत फिकी पडली होती. सावलीसाठी वेगळा रंग कुठेच नव्हता. एकाच हिरव्यातून पान दुमडलेलं दिसत होतं. एका देठाशी पातं थांबून वळल्याची खूण होती. त्यावरून बोट फिरवलं. इतकी वर्षं हे माझ्याच घरात होतं.

मुलगी आली तेव्हा कोटही काढू न देता मी तिला ते दाखवायला लागलो.

"माहितीये बाबा," ती म्हणाली. "आईने मला लहानपणीच दाखवलंय. तुलाही बोलावलं होतं. यू वेअर ऑन अ कॉल."

मला तो कॉल आठवत नाही. तसे पुष्कळ होते. घोकलेलं वाक्य सोडून मी टॉवेल घेतला आणि फुलदाणी गुंडाळायला लागलो.

"आईला सांग," मी म्हणालो, "ती घाण नव्हती."

तिने खोकं पुढे ओढलं. "तूच सांग ना."

टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवलेली फुलदाणी तिने गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवली, सीटबेल्ट लावला आणि गेली.

सकाळी काढलेली फुलं स्टीलच्या ग्लासात होती. तो मूर्तीजवळ नेऊन ठेवला. देठ लांब, ग्लास बुटका. सारखा कलंडत होता. शेवटी भिंतीला टेकवला आणि फोन हातात घेऊन बसलो. बायकोचा नंबर काढला. पहिलं वाक्य काही केल्या जुळेना.