शिफ्ट कुठली?

आमच्या थेरगावच्या इमारतीत तळमजल्यावरच्या बाई कुणाचंही रडगाणं शांतपणे ऐकतात आणि शेवटी एवढंच विचारतात, "मालकांची शिफ्ट कुठली?"

परवा माझी नातसून बॅग भरून माहेरी निघाली. "घरात असून बोलत नाही, आजी. मन उडालंय त्याचं."

बाईंनी तिला जिन्यातच बसवून नेहमीचा प्रश्न विचारला. नातू चाकणच्या कंपनीत रात्रपाळीला. बाईंनी नवरे त्याच कंपनीत रात्रपाळीला असलेल्या इमारतीतल्या तिघींना हाका मारल्या. "सांगा गं, तुमचे बोलतात का?"

तिघींचं गाऱ्हाणं अक्षरशः तेच.

आमचे हेही त्यांच्या काळी रात्रपाळीवालेच होते. त्यांनी बोलावं म्हणून मी खुळीनं सोळा सोमवार केले. महादेव काय करणार, शिफ्ट लावणारा साहेब वेगळा.

"मग भांडायचं कुणाशी?" नातसुनेनं विचारलं.

"शिफ्ट लावतो त्याच्याशी," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चौघी कंपनीच्या गेटवर गेल्या. नातसून सगळ्यांच्या पुढे होती.