राजिवड्याच्या पडवीतली अरबी

राजश्री बेहेरे चहा उभ्यानेच पिते. बस म्हटलं तरी बसत नाही. एका हातात कप, दुसऱ्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि ओठ सतत हलते. माळनाक्यावर नव्याने राहायला आलेल्या माणसाला वाटतं, बाई जप करतायत. ती असते अरबीचे घशातले उच्चार घोळवत. तिचा नवरा विनीत कोर्टात नोकरीला आहे. तो डबा घेताना म्हणतो, "आज घसा बसलेला दिसतोय, म्हणजे वर्ग चांगला चाललाय."

मुंबईत बी. ए. करताना तिने अरबीची पदविका घेतली होती, तीही जुने कागद वाचता यावेत म्हणून. लग्न होऊन रत्नागिरीत आल्यावर सासरी सगळ्यांना वाटलं, हे खूळ आपोआप जाईल. पंधरा वर्षं गेलंही होतं. मग शेजारचा रितेश एसी दुरुस्तीच्या कामावर मस्कतला निघाला आणि जाताजाता म्हणाला, "काकी, चार वाक्यं शिकवा ना." चाराची चाळीस झाली, रितेशच्या मागून त्याचे मित्र आले, आणि बघता बघता घराच्या मागच्या खोलीत सतरंज्या अंथरल्या गेल्या.

येणारी मुलं ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन, नर्स. हातात दोन महिने, फार तर तीन. उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी शिकवत बसलं तर विमान सुटायचं. म्हणून राजश्रीने सगळं देवनागरीत उतरवलं. आपल्याकडे नसलेल्या आवाजांना लाल शाईचा ठिपका. पुठ्ठ्यावर खाट, सलाईन, पाना, स्विचबोर्ड यांची चित्रं. घशातला 'ह' काही केल्या येईना, तेव्हा तिने मुलांच्या हातात चष्मे दिले. काच पुसण्याआधी जशी वाफ सोडतो तशी सोडा म्हणाली, आणि सगळ्या खोलीला एका झटक्यात 'ह' आला. त्या दिवशी ती जरा वेळ बसली होती म्हणतात.

पण रितेशचा मस्कतहून आवाजी निरोप आला. "काकी, तुमची अरबी इथे टीव्हीवर बातम्यांत ऐकू येते. माणसं दुसरंच काहीतरी बोलतात." राजश्री हसली, विनीतलाही ऐकवलं, आणि मग आठवडाभर तिला जेवण गोड लागलं नाही. कारण रितेशला तिने सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं, की तिने स्वतः आयुष्यात कुठल्या अरब देशात पाऊल टाकलेलं नाही.

त्यातच सानवी नापास झाली.

सानवी पूर्णगडची. वडील मासेमारी करायचे, आता गुडघे बोटीवर चढू देत नाहीत. धाकटी बहीण शिकतेय. नर्सिंग करून सानवी इथल्याच एका दवाखान्यात लागली होती, पण ओमानमधल्या रुग्णालयाची जागा मिळाली तर घराचं सगळंच बदलणार होतं. आठवड्यातून चार दिवस ड्यूटी संपवून ती वर्गाला यायची आणि शेवटच्या एसटीने पूर्णगडला परत. राजश्रीने दिलेली वहीतली सगळी वाक्यं तिला पाठ. मुलाखत मोबाइलवर झाली, आणि पंधरा दिवसांनी एजंटकडून एका ओळीचा शेरा आला. पाठांतर चांगलं आहे, रुग्णांशी बोलू शकणार नाही. सहा आठवड्यांनी आणखी एक संधी, ती शेवटची.

"बाई, मी एकही वाक्य चुकले नव्हते," सानवी म्हणाली. रडली नाही. राजश्रीला ते रडण्याहून जड गेलं.

दुसऱ्या दिवसापासून राजश्रीच्या पायाला भिंगरी. ओमानमधल्या मस्कत, सूर, सलालाहून परत आलेली माणसं कुठे राहतात, कुणाच्या घरी किती वर्षं होती, हे विचारत ती गावभर फिरली. राजिवड्याच्या मशिदीत मुलांना अरबी शिकवणाऱ्या मौलवींनाही भेटली. ते म्हणाले, आम्ही वाचायला शिकवतो, बोलायचं काम आमच्याकडे नाही. पण त्यांनीच एक नाव दिलं. होडेकरचाचा. सूरमध्ये एका घराण्याची गाडी सत्तावीस वर्षं चालवलेली. घरातल्या म्हातारीला दर आठवड्याला दवाखान्यात न्यायचं काम त्यांच्याकडेच होतं.

चाचांचं घर राजिवड्यातच, खाडीकडे तोंड करून. पडवीत खुर्च्या, जाळ्यांचा ढीग, पलीकडे भाट्याचा पूल. राजश्री सानवीला घेऊन गेली आणि पायरीवरूनच सांगायला लागली, की या मुलीची मुलाखत आहे, सहा आठवडे आहेत, तुम्ही तिच्याशी बोलाल का. चाचांनी ऐकून घेतलं. मग सानवीकडे वळून त्यांनी अरबीत काहीतरी विचारलं. सानवीने उत्तर दिलं आणि लगेच आपलं शिक्षण, अनुभव, वय सांगायला सुरुवात केली, एका दमात, ठिपक्यासकट.

चाचा हसले नाहीत. त्यांनी आत हाक मारली. चाचींनी इवल्याशा पेल्यांत वेलचीची पातळ कॉफी आणि बशीत खजूर आणून ठेवला. सानवीने पेला संपवला, तो चाचांनी भरला. तिने परत संपवला, त्यांनी परत भरला. पाचव्या पेल्याला तिने राजश्रीकडे केविलवाणं बघितलं. चाचांनी स्वतःचा पेला बोटांत धरून हलकेच हलवून दाखवला. पुरे म्हणायचं तर असं.

"बाई," ते राजश्रीला म्हणाले, "तुमची पोरगी साफ बोलते. पण आपण कोकणी माणसं. कोन बरा हाय का विचारतो, आपण 'बरा हाय' बोलतो नि कामाला लागतो. तिथं असा केला तर समोरचा समजतो, ही रागावली हाय, नायतर हिला माझी परवा नाय. आधी तब्येत, मग आईची तब्येत, मग भावंडं, मग पाऊसपाणी. परत तब्येत. काम त्याच्यानंतर."

राजश्रीने पिशवीतून वही काढली. तिच्या वहीत भेटीगाठीचा धडा एका पानाचा होता. चार ओळी, आणि पाचव्या ओळीला 'माझं नाव अमुक.' मुलांना तिनेच शिकवलं होतं की वेळ घालवू नका, लगेच मुद्द्यावर या. इथल्या माणसाला ते सांगावंही लागत नाही.

त्या दिवसापासून वर्ग पडवीत भरू लागला. पुठ्ठ्याची चित्रं घरीच राहिली. नियम चाचांचे. तिसरा पेला होईपर्यंत कामाचं अक्षर काढायचं नाही. इलेक्ट्रिशियन पोरांना हे म्हणजे शिक्षा वाटायची. मधूनच कुणीतरी 'बरंय' म्हणून मोकळं व्हायचं, आणि चाचा त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावायचे. चाची कधी म्हातारी रुग्ण व्हायच्या. अंगावर चादर घेऊन कण्हायच्या, गोळी थुंकून द्यायच्या, सानवीला मराठीत शिव्या घालायच्या आणि चाचा त्याचं अरबी करून सांगायचे. राजश्री कोपऱ्यात भराभर लिहून घ्यायची. निम्मं तिला कळायचंच नाही. हे तिच्या पदविकेत नव्हतं. घरी येऊन ती वाक्यं ऐकवायला विनीतला बसवायची, तो पेपरात डोकं घालून हं हं करायचा.

मुलाखत राजश्रीच्या घरातच ठेवली, तिथे नेट चांगलं म्हणून. सानवी मागच्या खोलीत, दार लोटलेलं. राजश्रीला आत बसायची परवानगी नव्हती. ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली, मग उठली, मग निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायला लागली.

मोबाइलवर पलीकडून रुग्णालयातल्या मुख्य परिचारिकेचा आवाज आला. घोगरा, वयस्कर. कशी आहेस. सानवीने सांगितलं, आणि विचारलं, तुम्ही कशा आहात. मग घरच्यांचं. मग परिचारिकेच्या आईचं. राजश्रीने बोटांवर मोजलं, चार फेऱ्या झाल्या. सानवीचा आवाज सैल होता. एकदा दोघी हसल्याही.

आणि मग परिचारिकेने सूर बदलला. आवाज म्हातारीसारखा कापरा केला, गावठी बोलीत काहीतरी भरभर, कण्हत, तक्रार करत. राजश्रीने कान टवकारले. एक शब्द छातीसारखा वाटला. बाकी काही नाही. खोलीत सानवी गप्प होती.

एक सेकंद, दोन, पाच.

राजश्रीने वाण्याच्या बिलामागे पेन्सिलने लिहिलं, छातीत दुखतंय. दाराशी गेली. खाली वाकून कागद फटीतून आत सरकवायचा एवढंच राहिलं होतं. हात तिथे थांबला. चुकलं तर? आणि बरोबर असेल, तरी उद्या ओमानमधल्या वॉर्डात दाराखालून चिठ्ठी कोण सरकवणार?

"श्वय श्वय, या उम्मी," आतून सानवी म्हणाली. हळूहळू, आई. मग तुटक तुटक, पण न थांबता. मी परदेशी आहे. मला तुझं सगळं कळत नाही. कुठे दुखतं, तिथे हात ठेव. कुठेच नाही? मग काय हवंय? कोण आहे घरी?

पलीकडची म्हातारी आता सावकाश बोलली, आणि या वेळी राजश्रीलाही कळलं. तिला काही दुखत नव्हतं. घरी शेळ्या होत्या, त्यांना कोण बघणार म्हणून तिला वॉर्डातून जायचं होतं. सानवीने शेळ्या किती ते विचारलं. नावं विचारली. मग म्हणाली, एवढी गोळी घे, तुझ्या मुलाला मी फोन लावून देते.

राजश्रीने कागदाचे बारीक बारीक तुकडे केले आणि ते चुकून तांदळातच टाकले. नंतर ते वेचत बसली.

नऊ दिवसांनी सानवीचा फोन आला. जागा मिळाली होती, दोन महिन्यांत रुजू व्हायचं होतं. मागे तिच्या वडिलांचा आवाज, बहिणीचा आरडाओरडा. राजश्री हसली, विनीतला हाक मारली, खोबऱ्याच्या वड्या करायला घेतल्या. वड्या थापता थापता तिचा हात मंदावला. वर्गातला एक इलेक्ट्रिशियन कुवेतला निघाला होता, आणि चाचांची अरबी ओमानची. चाचांनीच बजावलं होतं, तिकडची बोली निराळी, माझ्या भरवशावर राहू नका.

शनिवारी ती संगमेश्वरच्या एसटीत होती. तिथल्या यमुनाबाई कुवेतमध्ये एकोणीस वर्षं एका घरी स्वयंपाक करून परतलेल्या, हे तिला बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. यमुनाबाई अंगणात कुळीथ झोडत होत्या. हातातली काठी त्यांनी काही खाली ठेवली नाही. मला वाचायला येत नाही, मी काय शिकवणार, असं दोनदा म्हणाल्या. राजश्री तिथेच जमिनीवर बसली आणि त्यांच्या मालकिणीबद्दल विचारत राहिली. ती कशी होती, काय खायची, रागवायची कशी.

"कशी म्हणजे," यमुनाबाई म्हणाल्या, आणि काठी खांबाला टेकवून त्यांनी कमरेवर हात ठेवले. मग त्या मालकिणीच्या आवाजात, एकदम चढ्या सुरात, अरबीत ओरडायला लागल्या. शेजारच्या अंगणातली माणसं बाहेर आली. राजश्रीने वही उघडली. पहिल्या वाक्यातले दोन शब्द तिला कळले. बाकीचे तिने जसे ऐकू आले तसे लिहून घेतले आणि म्हणाली, परत एकदा, सावकाश.